चिप लहान होत गेली, तसे स्पर्धक कमी का होत गेले?

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन ५५५ नावाची टायमर आयसी मागितली, तर दुकानदार आजही एका लहानशा कप्प्यातून ती काढून समोर ठेवतो आणि एक-दोन चहांच्या किमतीइतकेच पैसे घेतो. पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी आपला पहिला लुकलुकणारा दिवा याच चिपवर पेटवला आहे. हान्स कॅमेनझिंड यांनी सिग्नेटिक्स या अमेरिकी कंपनीसाठी आखलेली ही चिप १९७२ मध्ये बाजारात आली आणि तिच्यात सुमारे २५ ट्रान्झिस्टर असतात. अ‍ॅपलने २०२३ मध्ये आयफोनमध्ये बसवलेल्या ए-१७ प्रो या चिपमध्ये १,९०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. हे अंतर कोणी आणि कसे कापले, आणि ते कापता कापता धावणारे एकेक करून का गळाले, हे समजावून सांगण्याचा हा प्रयत्न आहे. माझ्या मते या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. चिप लहान करण्याची जी चढाओढ प्रगती घडवून आणते, तीच चढाओढ पुढच्या पायरीचा खर्च इतका वाढवते की तो पेलणारे दर वेळी कमी उरतात.

ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा अतिशय लहान खटका. एका टोकाला थोडा दाब दिला की उरलेल्या दोन टोकांमधून प्रवाह वाहतो, दाब काढला की थांबतो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये पहिला ट्रान्झिस्टर तयार झाला. १९५८ मध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या जॅक किल्बी यांनी आणि १९५९ मध्ये फेअरचाइल्डच्या रॉबर्ट नॉइस यांनी असे अनेक खटके आणि इतर भाग एकाच अर्धवाहक तुकड्यावर घडवण्याची वाट दाखवली. तो तुकडा म्हणजे चिप. खटके जितके जास्त आणि जितके जवळ, तितके काम जास्त आणि वेगवान. येथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. खटके लहान करण्यात पैसा नेमका कोठे वाचतो, हे मात्र क्वचितच सांगितले जाते, आणि सगळ्या स्पर्धेचे मूळ तेथेच आहे.

दिवाळीत शंकरपाळे करताना आपण गोल पोळी लाटतो आणि कातण्याने तिचे चौकोन पाडतो. काठावरचे तुकडे अर्धवट निघतात, मधले नीट निघतात. चिप अशाच निघतात. सिलिकॉनच्या ३०० मिलिमीटर व्यासाच्या गोल चकतीवर शेकडो प्रक्रिया करून शेवटी तिचे चौकोनी तुकडे केले जातात. या चकतीला वेफर म्हणतात, पण पुण्यात वेफर म्हटल्यावर बटाट्याचेच डोळ्यांसमोर येतात, म्हणून येथे चकती हाच शब्द वापरला आहे. कारखान्यातून एक चकती पूर्ण होऊन बाहेर पडायला साधारण तीन महिने लागतात आणि तिचा खर्च मुख्यतः चकतीमागे मोजला जातो. तिच्यातून किती चिप कापल्या यावर तो फारसा अवलंबून नसतो. १० मिलिमीटर लांबी-रुंदीची चिप असेल तर एका चकतीतून सहाशेहून थोड्या जास्त चिप निघतात. आता प्रत्येक रेघेची लांबी-रुंदी ०.७ पट केली, तर क्षेत्रफळ जवळजवळ निम्मे होते आणि त्याच चकतीतून तेराशेच्या आसपास चिप मिळतात. प्रक्रियेचा खर्च थोडा वाढला तरी एका चिपचा खर्च बराच उतरतो. ज्या कंपनीने ही पायरी आधी गाठली, ती किंमत कमी करू शकते किंवा त्याच किमतीत दुप्पट खटके देऊ शकते, आणि मागे राहिलेल्या कंपनीची चकती मात्र जवळपास तितक्याच खर्चात निम्म्या चिप देत राहते. थांबणे म्हणजे बाजार सोडणे, असे या उद्योगात म्हटले जाते ते याच हिशोबामुळे.

शंकरपाळ्यांचे उदाहरण आणखी एका बाबतीत उपयोगी पडते. पोळीवर धुळीचे चार कण पडले आणि पोळीचे सोळाच तुकडे केले, तर चार तुकडे, म्हणजे पावभाग पोळी वाया जाते. चौसष्ट तुकडे केले तर चारच वाया जातात आणि साठ चांगले निघतात. एकूण चिपांपैकी चांगल्या किती निघाल्या, या प्रमाणाला कारखान्यात यील्ड म्हणतात. दोन कंपन्यांकडे अगदी सारखी यंत्रे असली तरी एकीचे यील्ड चांगले आणि दुसरीचे वाईट असू शकते, आणि नफा-तोट्यातला फरक बहुधा येथेच पडतो. हे कौशल्य यंत्राबरोबर विकत मिळत नाही. ते हजारो चकत्या बिघडवून, प्रत्येक बिघाडाचे कारण शोधूनच येते.

१९६५ मध्ये, फेअरचाइल्डमध्ये असताना, गॉर्डन मूर यांनी असे नोंदवले की चिपवरील घटकांची संख्या दर वर्षी दुप्पट होत आहे. १९७५ मध्ये त्यांनी हा काळ दोन वर्षांचा केला. यालाच मूरचा नियम म्हणतात. नियम या शब्दामुळे तो निसर्गाचा नियम वाटतो, परंतु त्याचे खरे काम वेळापत्रकाचे होते. यंत्रे बनवणारे, रसायने पुरवणारे, चिप आखणारे आणि त्या वापरून संगणक बनवणारे हे सगळे वेगवेगळ्या देशांत बसून एकाच तारखेची तयारी करू शकत होते, कारण पुढची पायरी कधी येणार याची सर्वांना कल्पना होती. १९९० च्या दशकापासून २०१६ पर्यंत या उद्योगाने आपला सामाईक आराखडाही वेळोवेळी प्रसिद्ध केला. एकमेकांचे गिऱ्हाईक ओढणाऱ्या कंपन्या पुढच्या पंधरा वर्षांच्या अडचणींची यादी मात्र एकत्र बसून करत होत्या, ही मला या उद्योगातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वाटते.

स्पर्धक कसे गळतात हे पाहायचे असेल तर मेमरी चिपांचा इतिहास पाहावा. १९६८ मध्ये स्थापन झालेली इंटेल सुरुवातीला प्रामुख्याने मेमरी विकणारी कंपनी होती. मेमरी चिप ही साखरेसारखी असते; कोणाच्याही कारखान्यातली घेतली तरी काम तेच, म्हणून गिऱ्हाईक फक्त किंमत आणि भरवसा पाहते. एनईसी, हिताची, तोशिबा आणि फुजित्सु या जपानी कंपन्यांनी १९७६ ते १९८० या काळात सरकारी पाठबळावर एकत्र संशोधन केले आणि मग बाजारात एकमेकींशी झुंज घेतली. १९८० मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड या अमेरिकी संगणक कंपनीने आपल्या चाचण्यांचे निष्कर्ष मांडले, तेव्हा जपानी मेमरी चिप अमेरिकी चिपांपेक्षा कितीतरी कमी नादुरुस्त निघतात हे उघड झाले. यील्ड आणि गुणवत्ता या दोन्ही बाबतींत मागे पडलेल्या इंटेलने १९८५ मध्ये मेमरीच्या या व्यवसायातून अंग काढून घेतले आणि प्रोसेसरवर लक्ष दिले. १९८६ मध्ये अमेरिका आणि जपान यांच्यात या व्यापारावर करार झाला, तरी अमेरिकी मेमरी उत्पादकांपैकी फारच थोडे टिकले.

जपानचा हा विजयही फार काळ टिकला नाही. कोरियाच्या सॅमसंगने १९८३ मध्ये या व्यवसायात उडी घेतली आणि मंदीच्या काळातच नवे कारखाने उभे करण्याचे धोरण धरले. नवा कारखाना चालू व्हायला दोन-तीन वर्षे लागतात. तेजी पाहून पाया खणणाऱ्याचा कारखाना मंदीत तयार होतो, आणि मंदीत पाया खणणाऱ्याचा तेजीत. अर्थात, मंदीत पैसा घालायला मागे भक्कम उद्योगसमूह असावा लागतो. ज्यांच्यामागे तो नव्हता त्यांच्यापैकी जर्मनीची किमोंडा २००९ मध्ये आणि जपानची एल्पिडा २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. आज या बाजाराचा बहुतांश भाग सॅमसंग, एसके हायनिक्स आणि अमेरिकेची मायक्रॉन या तिघांकडे आहे. तिघेच उरले म्हणून स्पर्धा थंडावली, असे मात्र झाले नाही. मेमरीचे थर एकावर एक रचून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपांना जोडण्याचे तंत्र एसके हायनिक्सने आधी साधले आणि २०२५ च्या पहिल्या तिमाहीत त्या बळावर तिने मेमरीच्या विक्रीत सॅमसंगला प्रथमच मागे टाकले.

आता रेघा लहान करतात कशा, याकडे वळू, कारण खर्च तेथेच वाढतो. तुळशीबागेत मिळणारा रांगोळीचा छापा जमिनीवर ठेवून वरून रांगोळी फिरवली की नक्षी उमटते. चिपच्या कारखान्यात छाप्याच्या जागी नक्षी कोरलेली काच असते, रांगोळीच्या जागी प्रकाश असतो आणि जमिनीच्या जागी प्रकाशाने बदलणारे रसायन फासलेली चकती असते. या पद्धतीला लिथोग्राफी म्हणतात. रांगोळीचा दाणा जाड असेल तर छाप्याची भोके कितीही बारीक पाडली तरी रेघ बारीक येत नाही. प्रकाशाचा दाणा म्हणजे त्याची तरंगलांबी. उद्योग २४८ नॅनोमीटरवरून (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) १९३ नॅनोमीटरवर आला आणि पुढची उडी १५७ ची असे ठरले होते, परंतु त्या प्रकाशासाठी लागणाऱ्या भिंगांचा प्रश्न सुटेना. तेव्हा, २००२ च्या सुमारास, तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीतील बर्न लिन यांनी भिंग आणि चकती यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर ठेवण्याचा आग्रह धरला. पाण्यात प्रकाशाची तरंगलांबी आखूड होते, त्यामुळे १९३ चाच प्रकाश सुमारे १३४ नॅनोमीटरसारखा वागू लागला. नेदरलँड्समधील वेल्डहोवेन येथील एएसएमएल या कंपनीने ही कल्पना झपाट्याने यंत्रात उतरवली आणि अशी यंत्रे बनवण्यात तोवर बलाढ्य असलेल्या जपानच्या निकॉनला मागे टाकले.

पाण्याचा लाभ संपल्यावर कारखाने एकच छापा किंचित सरकवून दोनदा, पुढे चारदा उमटवू लागले. जाड दाण्यातूनही अशी बारीक नक्षी निघते, पण प्रत्येक जादा फेरीबरोबर वेळ, खर्च आणि चुकण्याची शक्यता वाढते. म्हणून १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश हवा होता, आणि तो मिळवणे हे माझ्या समजुतीप्रमाणे आजवरच्या सर्वांत अवघड यंत्रनिर्मितींपैकी एक आहे. वितळलेल्या कथलाचे सूक्ष्म थेंब दर सेकंदाला ५० हजार या वेगाने निर्वात पोकळीत सोडतात. प्रत्येक थेंबावर लेसरचा पहिला प्रहार होतो, थेंब चपटा होतो, आणि दुसऱ्या प्रहाराने तो इतका तापतो की त्यातून हवा तो प्रकाश निघतो. हा प्रकाश हवेत आणि काचेत शोषला जातो, म्हणून भिंगे चालत नाहीत, आरसेच लागतात. प्रत्येक आरसा सुमारे ७० टक्के प्रकाश परत पाठवतो, म्हणजे दहा आरशांनंतर तीन टक्क्यांहूनही कमी उरतो. आरसे जर्मनीच्या झाइसचे, लेसर जर्मनीच्याच ट्रुम्फचे, आणि सगळे जुळवून आणणारी एएसएमएल. १९९० च्या दशकात नेटाने सुरू झालेले हे काम मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात उतरायला २०१९ उजाडले. एकट्या एएसएमएलला हा खर्च झेपणारा नव्हता, तेव्हा २०१२ मध्ये इंटेल, टीएसएमसी आणि सॅमसंग या तिन्ही एकमेकांच्या प्रतिस्पर्ध्यांनी मिळून तिचे २३ टक्के समभाग घेतले. आज असे यंत्र बनवणारी जगात दुसरी कंपनी नाही, आणि एका यंत्राची किंमत दीड हजार कोटी रुपयांच्या घरात जाते. चीनला ही यंत्रे मिळत नाहीत. तरीही २०२३ मध्ये ह्वावेच्या फोनमध्ये ७ नॅनोमीटर पिढीची चिनी चिप आढळली, ती जुन्याच यंत्रांवर छापा अनेकदा सरकवून केलेली होती.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ७, ५, ३ नॅनोमीटर ही आता पिढ्यांची नावे आहेत. चिपवर त्या मापाची कोणतीही ठरावीक गोष्ट नसते. ३ नॅनोमीटर पिढीतही सर्वांत जवळच्या दोन तारांमधले अंतर वीस नॅनोमीटरच्या पुढेच असते. जाहिरातीतल्या या आकड्यावरून दोन कंपन्यांची तुलना वाचकांनी करू नये.

इतका खर्च असताना एनव्हिडिया किंवा क्वालकॉम यांसारख्या, स्वतःचा कारखाना नसलेल्या चिप कंपन्या टिकल्या कशा? याचे उत्तर अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांना विचारले तरी मिळेल. प्रकाशकाला स्वतःचा छापखाना असावा लागत नाही. तो पुस्तक तयार करतो आणि छपाई छापखान्याकडे सोपवतो. मात्र छापखान्याचा मालक स्वतःही तशीच पुस्तके काढत असेल, तर त्याच्या हाती हस्तलिखित देताना प्रकाशक कचरतो. मॉरिस चांग यांनी १९८७ मध्ये टीएसएमसी स्थापन केली ती नेमकी हीच अडचण ओळखून. ही कंपनी स्वतःची एकही चिप विकत नाही, फक्त दुसऱ्यांच्या बनवून देते. त्यामुळे थोड्या भांडवलावर चिप आखणाऱ्या कंपन्यांचा मार्ग मोकळा झाला आणि उत्पादनाच्या मजल्यावर आटलेली स्पर्धा आखणीच्या मजल्यावर जोमाने वाढली. शिवाय सगळ्यांच्या चकत्या एकाच ठिकाणी बनू लागल्याने बिघाडांपासून शिकण्याची संधीही टीएसएमसीला सर्वांत जास्त मिळाली.

इंटेलची पीछेहाट यातूनच समजते. २०११-१२ मध्ये उभ्या पात्याच्या आकाराचा ट्रान्झिस्टर सर्वांत आधी बाजारात आणणारी ही कंपनी १४ नॅनोमीटरवर २०१४ मध्ये पोहोचली, पण पुढची १० नॅनोमीटरची पायरी, जी २०१६ च्या सुमारास अपेक्षित होती, ती मोठ्या प्रमाणावर साधायला २०१९ उजाडले. नव्या यंत्रांची वाट न पाहता जुन्याच प्रकाशावर अनेकदा छापा सरकवायचा आणि त्याच वेळी धातू, रचना असे बरेच काही एकदम बदलायचे, असे तिने ठरवले होते. यील्ड जागेवर येईना. दरम्यान २०१८ मध्ये टीएसएमसीची ७ नॅनोमीटर पिढी सुरू झाली आणि इंटेलची प्रतिस्पर्धी असलेल्या एएमडीने आपले प्रोसेसर तेथे नेले. एएमडीने मोठी चिप एकसंध न कापता लहान लहान तुकडे करून ते शेजारी शेजारी जोडले, म्हणजे वर सांगितलेल्या चौसष्ट शंकरपाळ्यांचा लाभ घेतला. २००५ च्या सुमारास उष्णतेमुळे प्रोसेसरचा वेग वाढवणे जवळजवळ थांबले होते, त्यामुळे अशा जुळणीचे महत्त्व आणखीच वाढले. एएमडीपासून वेगळी झालेली ग्लोबलफाउंड्रीज मात्र २०१८ मध्येच ७ नॅनोमीटरच्या शर्यतीतून बाहेर पडली. २००१ च्या आसपास १३० नॅनोमीटरची पिढी बनवणाऱ्या कंपन्या वीसहून अधिक होत्या. आज सर्वांत पुढच्या रांगेत टीएसएमसी, सॅमसंग आणि इंटेल एवढ्याच आहेत, आणि अ‍ॅपल, एनव्हिडिया, एएमडी हे कट्टर प्रतिस्पर्धी तैवानच्या एकाच दारात उभे आहेत. मला यातली जोखीम फार मोठी वाटते.

जोखीम म्हणजे काय, हे पुण्याने २०२१ मध्ये थोडे अनुभवले. आमच्या सोसायटीतल्या एका कुटुंबाने त्या वर्षीच्या दसऱ्याला गाडी घरी यावी म्हणून आगाऊ नोंदणी केली होती. पुढचा गुढीपाडवा आला तरी गाडी आली नव्हती. २०२० च्या टाळेबंदीत वाहन कंपन्यांनी चिपांच्या मागण्या रद्द केल्या, ती जागा लॅपटॉप आणि फोनवाल्यांनी घेतली, आणि मागणी परत आली तेव्हा रांग लांब झालेली होती. त्यात मार्च २०२१ मध्ये जपानमधील रेनेसास या चिप कंपनीच्या कारखान्याला आग लागली. चाकण आणि पिंपरीच्या कारखान्यांना ज्या चिपांनी अडवले, त्यांतल्या बहुतेक जुन्या पिढ्यांच्या होत्या. त्यांत नफा कमी, म्हणून नवे कारखाने फारसे कोणी उभारत नव्हते. पुढे धावण्याच्या चढाओढीत मागची, पण रोज लागणारी पिढी दुर्लक्षित राहिली.

चिपसाठी दुसऱ्यावर अवलंबून राहण्याचा अनुभव या शहराला त्याआधीही होता. अमेरिकेने हवा तो महासंगणक नाकारल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. एकच अतिवेगवान प्रोसेसर मिळत नव्हता, म्हणून इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे अनेक प्रोसेसर जोडून तो उभारला गेला. ती इनमॉस कंपनीही स्वतंत्र राहू शकली नाही; १९८९ मध्येच ती दुसऱ्या युरोपीय कंपनीकडे गेली होती.

आता भारताकडे पाहताना आपण कोणत्या शर्यतीत उतरत आहोत हे नीट ओळखावे लागते. २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला, आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्यातून अंग काढून घेतले. जागेवरून जेवढे बोलले गेले, तेवढे तंत्रज्ञान कोणाकडून येणार यावर बोलले गेले नाही, याची खंत वाटते. यील्डचे ज्ञान असलेला भागीदार नसेल तर जमीन आणि अनुदान पुरत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेल्या गुजरातमधील धोलेऱ्याच्या ९१ हजार कोटी रुपयांच्या टाटा प्रकल्पात असा भागीदार आहे. तैवानची पीएसएमसी ही पूर्वी मेमरीच्या शर्यतीत जबर तोटा सोसून बाहेर पडलेली आणि नंतर दुसऱ्यांच्या चिप बनवून देत सावरलेली कंपनी आहे. धोलेऱ्यात २८ नॅनोमीटर आणि त्याहून जुन्या पिढ्यांच्या, महिन्याला ५० हजार चकत्या बनवण्याचा बेत आहे. मला ही निवड योग्य वाटते. २८ नॅनोमीटरपर्यंत सपाट रचनेचा ट्रान्झिस्टर चालतो, कथलाच्या थेंबांची यंत्रे लागत नाहीत, आणि वाहने, वीज मीटर, पंप, घरगुती उपकरणे यांना लागणाऱ्या बहुतेक चिप याच टप्प्यात बसतात.

मात्र कारखान्यातून पहिली चांगली चकती निघाली म्हणजे ती लगेच गाडीत बसत नाही. इंजिनाजवळ बसणाऱ्या चिपला उणे ४० ते १२५ अंश सेल्सिअसपर्यंत काम करून दाखवावे लागते, तापलेल्या अवस्थेत एक हजार तास सलग चालावे लागते, आणि तशा चाचण्या वेगवेगळ्या वेळी बनलेल्या चकत्यांमधल्या चिपांवर कराव्या लागतात. त्यानंतर सुटे भाग बनवणारी कंपनी ती आपल्या नियंत्रकात बसवून पुन्हा तपासते, आणि वाहन कंपनी तो नियंत्रक गाडीत बसवून उन्हाळा, पावसाळा आणि घाटरस्ते यांतून फिरवते. चिप चाकणच्या जुळणीपट्ट्यावर पोहोचेपर्यंत यात साधारण दोन-तीन वर्षे जातात.